आंबट कॉफी, पांचट कॉफी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फिल्टर पेपरवर हाताने पाणी ओतून कॉफी करून देणारी छोटी दुकानं आता बऱ्याच मोठ्या शहरांत दिसतात. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांना पडलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : फळ्यावर देश, मळा, ‘वॉश्ड’, ‘नॅचरल’ असं काहीबाही लिहिलं होतं. काहीच कळेना, म्हणून नेहमीची दुधाची कॉफी पिऊन परत आले. पुढच्या वेळी काय मागू?

सुरुवातीला दोनच गोष्टी बघा : बी कशी वाळवली आहे आणि किती भाजली आहे. वॉश्ड म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन मग वाळवलेली बी. तिची चव स्वच्छ आणि हलकी असते, लिंबूवर्गीय फळांकडे झुकणारी. नॅचरलमध्ये अख्खं फळ सालीसकट वाळवतात. त्यामुळे कपात पिकलेल्या फळांचा गोड, कधी किंचित आंबूस वास उतरतो. हनी ही या दोन्हींच्या मधली पद्धत. त्यात मध अजिबात नसतो, बीवर थोडा चिकट गर ठेवून ती वाळवतात इतकंच. पिशवीवर ‘ब्लूबेरी’ किंवा ‘मोगरा’ लिहिलं असेल तर तेही वरून घातलेलं नसतं. चाखणाऱ्यांना त्या कॉफीत जे आठवलं ते तिथे लिहिलेलं असतं.

आतापर्यंत दुधाची दाट कॉफीच प्यायला असाल, तर मध्यम भाजलेल्या कॉफीपासून सुरुवात करा. तिच्यात चॉकलेट आणि भाजलेल्या सुकामेव्याची ओळखीची चव सापडते. हलकी भाजलेली वॉश्ड कॉफी पहिल्याच कपाला घेतली की ‘हे काय, लिंबूपाणी?’ असं वाटून माणूस पुन्हा फिरकत नाही. बरिस्ताला, म्हणजे कॉफी करून देणाऱ्याला, सरळ सांगा, “मला आंबट फारसं आवडत नाही, गोडाकडे झुकणारी द्या.” तुम्हाला काय आवडत नाही, हे कळलं तर त्याचं काम निम्मं होतं. बियांचा वास घ्यायला मागा, कोणी नाही म्हणत नाही. भाजल्याची तारीखही विचारा. भाजून आठवडा उलटलेली आणि महिन्याच्या आतली कॉफी उत्तम.

प्रश्न : एका कपासाठी सहा-सात मिनिटं थांबावं लागलं. इतका वेळ खरंच लागतो का?

लागतो. उभं राहून बघितलंत तर का लागतो तेही कळेल. आधी १५ ग्रॅम बिया मोजून ताज्या दळतात. ड्रिपरमध्ये, म्हणजे भांड्यावर ठेवायच्या गाळण्यात, कागद बसवून तो गरम पाण्याने धुतात, म्हणजे कागदाची चव निघून जाते आणि ड्रिपरही तापतो. खाली वजनकाटा असतो आणि पहिल्या थेंबापासून वेळ मोजला जातो. सुरुवातीला ४० ते ४५ ग्रॅम पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबतात. ताज्या कॉफीत भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो या वेळात बुडबुडे काढत बाहेर पडतो. कॉफी फुगून वर येते ती त्यामुळेच. वायू निघण्याआधी सगळं पाणी ओतलं, तर तो पाण्याला बाजूला ढकलतो आणि कॉफी धड भिजत नाही. त्यानंतर बारीक तोंडाच्या किटलीने, गोल फिरवत, दोन-तीन टप्प्यांत एकूण २५० ग्रॅम पाणी पूर्ण करतात. सगळं पाणी खाली उतरायला साधारण तीन मिनिटं लागतात.

पाणी उतरल्यावर ड्रिपरमध्ये डोकवा. चोथा सपाट बसला असेल तर पाणी सगळीकडून सारखं गेलं. एका बाजूला खड्डा पडला असेल, किंवा कागदाच्या भिंतीवर उंच सुकी कॉफी चिकटली असेल, तर पाण्याने सोपी वाट शोधली आणि उरलेली कॉफी वाया गेली.

ड्रिपरच्या आकारानेही फरक पडतो. व्ही६० हा ६० अंशांचा शंकू आहे. त्याला खाली एकच मोठं भोक असतं, त्यामुळे पाण्याचा वेग हात आणि दळण यांवरच ठरतो. कलिता वेव्हचा तळ सपाट असतो आणि त्याला तीन छोटी भोकं असतात. तो हाताच्या चुका बऱ्याच सांभाळून घेतो. १९४१ साली पीटर श्लुम्बोम या रसायनतज्ज्ञाने बनवलेल्या केमेक्सचा कागद जाड असतो, म्हणून त्यातली कॉफी जवळजवळ चहासारखी नितळ उतरते. कागदातून कॉफी गाळण्याचं पेटंट मात्र त्याहून जुनं आहे. जर्मनीतल्या मेलिटा बेन्ट्झ यांनी ते १९०८ मध्ये घेतलं.

घाई असेल तर यंत्रावर एकदम काढून ठेवलेली फिल्टर कॉफी आहे का विचारा. चांगल्या दुकानात तीही छान असते.

प्रश्न : माझी कॉफी आंबट होती. ती तशीच असते, की बिघडली होती? परत करायला संकोच वाटला.

आंबटपणा दोन प्रकारचा असतो आणि तो ओळखता येतो. चांगल्या आंबटपणाने जिभेच्या कडांना पाणी सुटतं आणि लगेच मागून गोडवा येतो. घोट गिळल्यावरही चव तोंडात रेंगाळते. बिघडलेला आंबटपणा टोकदार असतो, कधी खारटसर. मागून काहीच येत नाही आणि कॉफी पांचट लागते.

याचं कारण असं : पाण्यात आम्लं लवकर उतरतात, गोडवा जाणवून देणारे घटक त्यानंतर, आणि कडू-तुरट घटक सावकाश. दळण जाड असेल, पाणी पुरेसं गरम नसेल किंवा ते भराभर खाली गेलं असेल, तर काम पहिल्याच टप्प्यावर थांबतं. उलट, फार बारीक दळलं किंवा पाणी फार वेळ तुंबून राहिलं, तर कॉफी कडू होते आणि जीभ कोरडी पडते. एकाच कपात टोकदार आंबट आणि तुरट दोन्ही लागलं, तर बहुधा पाणी एका वाटेने धावलं असणार : त्या वाटेवरच्या कॉफीचा अर्क जास्त उतरला, बाकीच्या कॉफीचा कमी.

निर्णय पहिल्या घोटावर करू नका. वाफाळत्या कॉफीत चव नीट कळत नाही. तीन-चार मिनिटं थांबून पुन्हा घोट घ्या. चांगली कॉफी निवताना गोड होत जाते. बिघडलेली आणखी बोचते.

आणि संकोच कसला? कप निम्मा संपायच्या आत सांगा, पण ‘आवडली नाही’ म्हणू नका. “आंबट आहे आणि मागे गोडवा येत नाही,” असं म्हणा. त्या वाक्यावरून बरिस्ताला दळण बारीक करायचं हे कळतं आणि चांगलं दुकान कप पुन्हा करून देतं. मात्र हलकी भाजलेली केनियाची कॉफी मागवली असेल, तर ठळक आंबटपणा हा तिचा स्वभावच आहे. तिथे पुन्हा करून फरक पडणार नाही, बी बदलायला हवी.

प्रश्न : दूध-साखर मागितली तर हसतील का?

हसणारं दुकान तुमच्या कामाचं नाही. पण दोन-तीन घोट नुसतेच घ्या. ही कॉफी पातळ असते. दुधात तिची चव बुडते आणि हलक्या भाजणीचा आंबटपणा दुधाशी जुळत नाही. दूध हवंच असेल तर एस्प्रेसोवरचं पेय मागवा. एस्प्रेसो म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली घट्ट कॉफी, तिची चव दुधात बुडत नाही.

प्रश्न : तिथल्याच बिया घरी आणल्या, तरी ती चव येत नाही. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा ग्राइंडरमध्ये. पात्याच्या मिक्सरमध्ये बिया चिरडल्या जातात. भुकटी आणि तुकडे एकत्र निघतात, मग भुकटी कडू होते आणि तुकडे आंबट राहतात. बर ग्राइंडरमध्ये जात्यासारखं दोन पृष्ठभागांमधून दळलं जातं, म्हणून कण सारखे निघतात. हाताने फिरवायचा चांगला बर ग्राइंडर महागड्या किटलीपेक्षा आधी घ्या. तो घेईपर्यंत दुकानातूनच दळून आणा, पण १०० ग्रॅमच आणा आणि आठवड्याभरात संपवा.

मग पाणी. जड पाणी कॉफीतली आम्लं मारून टाकतं आणि चव मातकट, सपाट होते. आरओचं जवळजवळ खनिजं नसलेलं पाणीही चालत नाही, त्यात चव पोकळ लागते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास असले की उत्तम. दोन्ही पाणी घरात असेल तर थोडं मिसळून पाहा.

दुकानातून बियांबरोबर कृतीही विचारून घ्या : किती ग्रॅम, किती पाणी, किती वेळ. नसेल तर १५ ग्रॅमला २५० ग्रॅम पाणी धरा. हलक्या भाजणीला ९४ ते ९६ अंशांचं पाणी, गडद भाजणीला ८५ ते ९० पुरे. दोन मिनिटांच्या आत सगळं उतरलं तर दळण बारीक करा. चार मिनिटांवर गेलं तर जाड करा आणि धार हळू, कमी उंचीवरून सोडा. उंचावरून जोरात ओतल्याने भुकटी उसळून कागदाची छिद्रं बुजतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, तापमान आणि प्रमाण एकदम बदललंत तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

प्रश्न : दुकानात चारच टेबलं आहेत. लॅपटॉप घेऊन बसलं तर चालतं का?

गर्दी नसेल तर विचारून बसा. गर्दी असेल तर कप संपल्यावर उठा. एकटे असाल तर काउंटरपाशी बसा, टेबल दोघांना मिळतं आणि तुम्हाला कॉफी होताना बघता येते.

प्रश्न : संध्याकाळी प्यायली तर झोप उडते का? चवीला तर हलकी वाटते.

हलकी लागते म्हणून कमी समजू नका. अरेबिका जातीच्या १५ ग्रॅम बियांच्या एका कपात साधारण १५० मिलिग्रॅम कॅफीन उतरतं, म्हणजे एका एस्प्रेसोच्या दुपटीहून जास्त. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून झोप हलकी असणाऱ्यांनी दुपारीच जावं. गरोदर बायकांसाठी दिवसभराची मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगितली जाते, त्यात चहाही धरायचा. संध्याकाळीच जायचं असेल तर डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, आहे का विचारा, नाहीतर दोघांत एक मागवा. कॉफी वेगळ्या भांड्यात मिळतेच, रिकामा कप जास्तीचा मागून घ्या.