पोरगं कुठंच टिकत नाही

"ताई, कागद आहे, हाताला काम येतं, पण पोरगं कुठंच महिना भरत नाही. तुम्ही तरी समजावा." पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेल्या आईने बसल्याबसल्या हे सांगून टाकलं. शेजारी मुलगा, वय २०, नजर पायाकडे. दहावीला दोन विषय राहिले, तरी आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड त्याने पूर्ण केला. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींत मिळून तीन कामं धरली आणि तिन्ही सोडली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नाशिकमध्ये आम्ही अशा मुलांना कामाला लागायला आणि टिकायला मदत करतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या घरांतून ही तक्रार वारंवार येते. येणारे बहुतेक जण कारणही ठरवूनच येतात: मोबाईल, मित्र, आळस. आमच्याकडून त्यांना चार शब्द खडसावून हवे असतात. पण द्राक्षबागेत सकाळी सातपासून उन्हं उतरेपर्यंत मणी विरळणारा मुलगा वेल्डिंगच्या दुकानात एकाएकी आळशी होत नाही.

"का सोडलंस?" या प्रश्नाला अशी मुलं एकच उत्तर देतात: "नाही जमलं." म्हणून तो प्रश्न बाजूला ठेवून कोरा कागद पुढे केला आणि फक्त तारखा विचारल्या. कामावर कधी गेलास, कुठे राहिलास, खिशात किती होते, शेवटचा दिवस कोणता. अर्ध्या तासात कागद भरला. पहिलं काम ११ दिवस, दुसरं १९, तिसरं २६. पगाराचा दिवस त्याने एकदाही पाहिला नव्हता.

पहिल्या कामाला निघताना खिशात २,००० रुपये होते. खोलीच्या भाड्याचा वाटा १,२०० गेला. मेसवाल्याने ओळख नाही म्हणून आठवड्याचे ७०० आगाऊ घेतले. उरले १००. आठव्या दिवसापासून वडापाव आणि पाणी. अकराव्या दिवशी सुपरवायझरला "पोट दुखतंय" सांगून तो सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर आला आणि पेठच्या एसटीत बसला. घरी येऊन सांगितलं, काम जड आहे. आईला खरं कारण त्या दिवशी, आमच्या समोर, पहिल्यांदा कळलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण प्रशिक्षण देणाऱ्या संस्थासुद्धा ती मुलांना सांगत नाहीत. कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. पण कोणत्या दिवसांचा? बऱ्याच ठेकेदारांकडे हजेरी २० किंवा २५ तारखेला कापतात आणि त्यानंतरचे दिवस पुढच्या महिन्यात धरतात. हजेरी २० ला कापत असतील आणि मुलगा २१ जानेवारीला रुजू झाला, तर त्याचे दिवस २० फेब्रुवारीपर्यंत मोजले जाणार आणि पैसे ७ मार्चला हातात पडणार. म्हणजे ४५ दिवस. तोच मुलगा ३ फेब्रुवारीला रुजू झाला तरी पहिला पैसा ७ मार्चलाच येणार. तो १८ दिवसांचा, म्हणजे कमी असेल, पण वाट ३२ दिवसांची. आणि १८ तारखेला रुजू होणं सगळ्यात फसवं. पहिल्या सात तारखेला तीन दिवसांचे पैसे येतात, मुलगा ते बघून खचतो आणि पुढच्या सात तारखेपर्यंत तग धरत नाही. मुलाखतीत पगार किती हे सगळे विचारतात. "हजेरी कोणत्या तारखेला कापता आणि पगार कोणत्या तारखेला होतो?" हे विचारणारा क्वचितच भेटतो.

दुसरं काम सुटण्याचं कारण शिफ्ट. यावेळी खोलीचा खर्च नको म्हणून तो नाशिक शहरातल्याच पेठ रोडला नातेवाइकांकडे राहिला आणि काम मिळालं अंबडला. सकाळची शिफ्ट होती तोवर बस आणि शेअर रिक्षा करून निभावलं. मग दुसरी शिफ्ट लागली, दुपारी तीन ते रात्री अकरा. सुटल्यावर बस नाही. तीन रात्री तो चालत आला, चौथ्या रात्री कंपनीच्या गेटजवळच झोपला. नातेवाईक म्हणाले, हे काय वागणं. तेव्हापासून आमचा एक नियमच झाला आहे: शिफ्टचं काम असेल तर खोली पायी जाता येईल अशा ठिकाणी. अंबडला काम तर चुंचाळ्याच्या बाजूला, सातपूरला काम तर श्रमिकनगर, शिवाजीनगरकडे. भाड्यात वाचवलेले पैसे रस्त्यात जातात आणि झोप जाते ती वेगळीच.

तिसऱ्या कामाची गोष्ट आईने स्वतःच सांगितली, जरा अडखळत. चुलता मजुरांच्या टोळीचा मुकादम. दिंडोरीच्या बागायतदाराकडून त्याने टोळीसाठी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे घेतलेले, त्यात या घराचेही पैसे. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि विरळणीची घाई सुरू झाली. काम एकरावर उक्तं, टोळीत एक माणूस कमी पडला तर सगळ्यांची मजुरी मागे पडते. चुलत्याचा फोन आला, "आठ दिवस ये." मुलगा ठेकेदाराला न सांगता निघून गेला. आठ दिवसांनी परतला तर गेटवर नाव कापलेलं. ठेकेदाराच्या वहीत नोंद झाली, "पळाला".

हे ऐकल्यावर समजावण्यासारखं मुलाला काही उरलं नाही. करण्यासारखं बरंच होतं.

आधी कागद. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून. दोन्ही अंदाजाने घातलेल्या. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो! पण पीएफ खात्यासाठी माहिती आधारशी जुळावी लागते आणि आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, नाव दोनदा. त्यामुळे घाईने केंद्रावर जाऊन काहीतरी बदलू नये. कोणता कागद पक्का धरायचा ते आधी ठरवावं आणि बाकीचे त्याच्याशी जुळवावेत. बँक खातं शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं होतं. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. हेही झालं होतं. शाखेत जाऊन केवायसी करून ते चालू करायला तीन फेऱ्या आणि आठवडा गेला. कामावर लागल्यावर हेच करायचं तर तीन खाडे पडले असते.

मग हात. आयटीआयमध्ये त्याचा सराव आर्क वेल्डिंगचा: ३.१५ मिलिमीटरचा रॉड, १०० ते १२० अँपिअर. कंपन्यांमध्ये मात्र बहुतेक काम सीओटू वेल्डिंगचं, म्हणजे रॉडऐवजी गनमधून वायर आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडून केलेलं. तिसऱ्या ठिकाणच्या ट्रेड टेस्टला ६ मिलिमीटरच्या दोन पट्ट्यांचा टी-जॉइंट दिला होता. वायर १.२ मिलिमीटरची. त्याने गन रॉडसारखी लांब धरली आणि मागून उभा पंखा चालू होता. मिनिटाला १२ ते १५ लिटर गॅस सोडला तरी वाऱ्याने तो उडून जातो, वितळलेल्या धातूला हवा लागते आणि बीडवर (वेल्डच्या रेघेवर) सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. त्याला भोकं दिसली, पंखाही दिसला. "पंखा फिरवू का?" असं विचारायचं सुचलंही. विचारलं नाही. वेल्डर म्हणून गेलेला मुलगा हेल्पर म्हणून ग्राइंडरवर लागला.

म्हणून सातपूरच्या एका छोट्या फॅब्रिकेशन दुकानात दहा दिवसांची सोय लावली. अर्धा दिवस त्याने ग्राइंडिंग आणि उचल-ठेव करायची, उरलेला वेळ दुकानातल्या भंगार पट्ट्यांवर सीओटूचा सराव. तीन गोष्टी पक्क्या करायला सांगितल्या: टिपापासून वायर १० ते १५ मिलिमीटरच बाहेर, नोझलमधले छर्रे दर थोड्या वेळाने काढायचे, आणि सुरू करण्याआधी गॅस, वारा आणि अर्थिंग बघायचं. दर संध्याकाळी एक तुकडा मधोमध कापून आत कुठपर्यंत वितळलंय ते बघायचं. पाचव्या दिवसापर्यंत बीड वरून सुंदर आणि आतून नुसता चिकटलेला निघत होता, कारण गन भरभर ओढली जात होती. सातव्या-आठव्या दिवशी वेग बसला.

बोलण्याचा सरावही त्याच काळात. आश्रमशाळेत वाढलेल्या मुलाला रजा मागायची सवय नसते. तिथे पालक येतात, सही करतात, घेऊन जातात. पाड्यावर तो कोकणा बोलतो, शाळेत मराठी, दुकानात सुपरवायझर हिंदी. या तिन्हींच्या मधे तो गप्प बसतो, आणि समोरच्याला वाटतं हा मग्रूर आहे. दोनच वाक्यं घोटून घेतली. एक, "साहेब, हे पहिल्यांदा करतोय, एकदा दाखवा." दुसरं, "साहेब, गावी काम आहे, अमुक तारखेपासून दोन दिवस रजा हवी, अमुक तारखेला पहिल्या शिफ्टला हजर राहतो." परत येण्याची तारीख सांगितली की रजा मिळण्याची शक्यता वाढते, आणि नाही मिळाली तरी वहीत "पळाला" लिहिलं जात नाही.

पैशांचा हिशोब आई आणि मुलगा दोघांना बसवून केला. पहिल्या पगारापर्यंतच्या ३२ दिवसांची मेस ३,२००. दोन महिन्यांचं भाडं २,४००. डिपॉझिटचा वाटा १,५००. सेफ्टी शूज ७००. गावी दोन फेऱ्या ४००. रिचार्ज ३००. झेरॉक्स, फोटो, किरकोळ ३००. एकूण ८,८००. यातलं दुसरं भाडं आणि मेसचा शेवटचा पंधरवडा मिळून २,७०० पगारानंतर देता येतील, असं खोलीमालक आणि मेसवाल्याशी आधीच बोलून घेतलं. ओळखीचा माणूस सोबत गेला की हे जमतं. राहिले ६,१००. आईच्या बचत गटातून ५,००० कर्ज, बागेच्या मजुरीतले २,०००. ठेकेदाराकडून ॲडव्हान्स घेणं आम्ही ठरवून टाळलं. तो पहिल्याच पगारातून कापला जातो आणि मुलगा पुन्हा शून्यावर येतो. एका उचलीतून सुटून दुसऱ्या उचलीत अडकायचं कशाला?

जुन्या उचलीचं बोलणं सगळ्यात अवघड गेलं. चुलत्याला बोलावलं. तो चिडलेला, आणि त्याच्या बाजूनेही खरंच होतं. बागायतदार त्याला धरणार. शेवटी असं ठरलं: मुलाच्या वाट्याची उचल किती ते कागदावर लिहायचं, दुसऱ्या पगारापासून महिन्याला १,५०० चुलत्याकडे, आणि बदल्यात हंगामात फोन करायचा नाही. माणूस हवा असेल तर महिनाभर आधी सांगायचं.

ॲप्रेंटिसशिपचाही विचार झाला. १९६१ च्या कायद्याखालची नोंदणीकृत ॲप्रेंटिसशिप असेल तर वर्षाच्या शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा भाग सरकार देतं. पण विद्यावेतन पगारापेक्षा कमी, आणि ॲप्रेंटिसला पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू नाही. घरावर उचल असताना ते परवडत नव्हतं. घरून थोडा आधार असेल तर आम्ही आधी ॲप्रेंटिसशिपच सुचवतो. मात्र कंत्राट झालंय का, ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंद आहे का, हे बघावं. नुसतं तोंडी "ॲप्रेंटिस" म्हणून कमी पगारात राबवून घेणारेही आहेत.

पुढच्या कामाचा ठेकेदार म्हणाला, "उद्यापासून ये, नाहीतर दुसरा घेतो." तारीख होती २२ जानेवारी. मुलाने सांगितलं, सीओटूचा हात बसतोय, ३ फेब्रुवारीला येतो आणि टेस्ट देतो. ठेकेदार कुरकुरला, पण थांबला. सीओटू येणारा वेल्डर रस्त्यावर मिळत नाही. टेस्टला पंखा चालूच होता. यावेळी त्याने विचारून फिरवला.

ईएसआयचे ०.७५ टक्के आणि पीएफचे १२ टक्के कापून पगार हातात आला, तेव्हा कापलेल्या पैशांवरून त्याचा फोन आला, जरा घाबऱ्या आवाजात. पीएफ स्वतःच्याच नावावर जमतो, आणि ईएसआयमुळे दवाखाना मोफत, हे कळल्यावर शांत झाला. पगारपत्रकावरचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर त्याने डायरीत लिहून ठेवला आहे. त्याच डायरीत रोजची हजेरीही, कारण पहिल्या कामाचे ११ दिवस त्याच्याकडे पुरावाच नसल्यामुळे बुडाले. नोंद असती तर ठेकेदाराने नाकारल्यावर मूळ कंपनीकडे मागता आले असते, तिथेही नाही झालं तर कामगार उपायुक्त कार्यालयात.

जुलैत आवणीसाठी (भाताच्या लावणीसाठी) त्याने चार दिवसांची रजा मागितली. दोन मिळाली. शनिवारची दुसरी शिफ्ट करून रात्र खोलीवर काढली, पहाटेच्या गाडीने गावी गेला, मंगळवारी दुपारी तीनला गेटवर हजर. तेवढ्यात आवणी काही उरकली नाही. राहिलेली दोन खाचरं चुलत्याच्या टोळीने लावली.