मुलीच्या अकरावीसाठी टॅब घ्यायचाय, 64 जीबी, 128 की 256?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावी सायन्सला गेलीये, क्लासची लेक्चर्स बघायला टॅब हवाय, आणि दुकानदार 256 च घ्या म्हणून मागे लागलाय. अहो, 128 घ्या आणि मोकळे व्हा असं एका ओळीत सांगितलं असतं, पण आम्ही 64 घेऊन दोन वर्षं पस्तावलोय त्यामुळे जरा लांबण लावते.

आम्ही ऐरोलीला राहतो, टॅब घेतला ठाण्यात गोखले रोडला. दुकानात विचारलं पुरेल का तर म्हणे अभ्यासालाच ना, आरामात पुरेल. घरी येऊन चालू केला आणि सेटिंगमध्ये बघितलं तर 64 मधली हाताला लागली 43. आधी वाटलं फसवलं, मग मुलानेच समजावलं की कंपनी 1 जीबी म्हणजे 1000 एमबी धरते आणि मशीन बऱ्याचदा 1024 ने मोजतं, त्यामुळे 64 चे होतात साठाच्या आत, 128 चे 119, आणि उरलेल्यातून सिस्टिम आणि आधीपासून भरलेली अ‍ॅप्स पंधरा-वीस खाऊन टाकतात. म्हणजे 64 आणि 128 मधला फरक बॉक्सवर दुप्पट दिसतो, प्रत्यक्ष मोकळ्या जागेत तो जवळपास अडीच पट पडतो. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता लेक्चरचा हिशोब बघा. दीड तासाचं एक लेक्चर डाउनलोड केलं की आमच्याकडे साधारण 600-700 एमबी जायचे, रोजची तीन धरा, दोन जीबी झाले, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे 50 जीबी. ऑनलाइन बघितलं तर टॅबमध्ये जागा फारशी लागत नाही हे खरं, पण पावसाळ्यात लाइट गेली की वायफाय पण जातं आणि मोबाइलचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो, त्यामुळे पोरं डाउनलोड करतातच. आणि बघून झालं की डिलीट कर म्हटलं तर "रिव्हिजनला लागेल गं" हे ठरलेलं उत्तर. परीक्षेच्या आदल्या रात्री साडेअकराला स्क्रीनवर "जागा अपुरी" आलं आणि हा बसलाय गावच्या भातलावणीचे फोटो एकेक करून उडवत, अर्धा तास घालवून मिळाले किती तर 300 एमबी. मी सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची यादी साइजप्रमाणे लावून बघितली तर एकटं क्लासचं अ‍ॅप 31 जीबी खाऊन बसलेलं. फोटो बिचारे उगाच गेले.

मग मी शहाणपणा करून 128 चं मेमरी कार्ड आणलं, आणि इथेच बहुतेक सगळे फसतात. कार्डावर फोटो, पीडीएफ, गाणी जातात. क्लासची अ‍ॅप्स मात्र लेक्चर लॉक करून टॅबच्या आतल्या मेमरीतच ठेवतात, दुसरीकडे हलवलं तर ते उघडतच नाही. काही अ‍ॅप्समध्ये डाउनलोड कुठे करायचं ते निवडता येतं (नेटफ्लिक्सला अँड्रॉइडवर कार्ड चालतं), आमच्या क्लासच्या अ‍ॅपला नव्हतं. म्हणून पैसे भरायच्या आधी मुलीच्या क्लासचं अ‍ॅप तिच्याच मोबाइलवर उघडून एक लेक्चर डाउनलोड करून बघा, किती एमबी गेले आणि कार्डाचा पर्याय आहे का, पाच मिनिटांचं काम आहे. कार्डाचा पर्याय असेल तर 128 आणि वर एक चांगलं कार्ड, विषय संपला. नसेल आणि मुलगी आमच्या चिरंजीवांसारखी साठवणारी असेल तर 256 ला माझी ना नाही, दुकानदार म्हणतोय म्हणून नाही हां.

कार्ड घ्याल तर बिलावर घ्या. रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांत 1 टीबीचं (म्हणजे हजार जीबीचं) मिळतं ते आतून बऱ्याचदा 16-32 चंच असतं, वरवर 1 टीबी दाखवतं आणि खरी जागा भरली की जुन्या फाइलींवरच लिहीत सुटतं.

आयपॅड घेत असाल तर कार्डाचा विचारच सोडा, खाचच नसते. साधा आयपॅड 2025 पासून 128 लाच सुरू होतो, त्यामुळे कोणी 2022 चा 64 वाला "ऑफर"मध्ये गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. टाइप-सी पेनड्राइव्ह त्याला चालतो, नोट्सच्या पीडीएफ तिकडे टाकता येतील.

अजून एक, स्टोरेजच्या नादात रॅम (चालू असलेली अ‍ॅप्स सांभाळणारी तात्पुरती मेमरी) विसरू नका. बऱ्याच कंपन्यांकडे 64 वाल्याला 4 जीबी रॅम आणि 128 वाल्याला 6 किंवा 8 असते, म्हणजे वरचे पैसे नुसते जागेचे नसतात. आणि "4 + 4 रॅम" असं लिहिलेलं असेल तर त्यातली दुसरी 4 स्टोरेजमधूनच उचललेली असते. क्लाउडवर ठेवू म्हणाल तर गुगलचे फुकट 15 जीबी मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून आहेत, आमचे तर मेलनेच भरलेत.

आमचा तो 64 वाला आता सासूबाईंकडे आहे. दुपारी भाजी निवडताना यूट्यूबवर कीर्तन लावतात, डाउनलोड बिऊनलोड काही नाही. परवा सहज बघितलं तर 38 जीबी मोकळी.