वाचकांचे प्रश्न : रडलं तर विश्वास कमी पडला का?

प्रश्न : आई जाऊन पाच आठवडे झाले. जन्मभर मंडळीत होती. भेटायला येणारे म्हणतात, 'ती प्रभूकडे गेली, मग रडतेस कशाला? विश्वास आहे ना?' आणि थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं वचन दाखवतात. मला मात्र रडू आवरत नाही.
– एक वाचक, खडकी

उत्तर : ते वचन पहिल्या पत्रातलं, ४:१३. पुन्हा एकदा सावकाश वाचा. 'खेद करू नका' एवढ्यावर पत्र लिहिणारा प्रेषित पौल थांबलेला नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तो लिहितो. अर्धं वाक्य गाळलं की सांत्वनाचं वचन दटावणीचं होतं, आणि आपल्याकडे ते सर्रास गाळलं जातं.

हाच पौल फिलिप्पैकरांना (२:२७) आपला सहकारी एपफ्रदीत याच्याविषयी काय लिहितो, तेही पाहा. एपफ्रदीत आजारातून मरता मरता वाचला. देवाने माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल म्हणतो. एपफ्रदीत गेला असता तर प्रभूकडेच गेला असता, हे काय पौलाला ठाऊक नव्हतं? तरी त्याला ते दुःखच वाटलं असतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, मरण पावलेला मित्र लाजर याला उठवायला जातो असं येशू अकराव्या वचनातच सांगून ठेवतो. त्रेचाळिसाव्या वचनात तो लाजराला हाक मारतो. आणि मध्ये, पस्तिसाव्या वचनात, येशू रडला. पुढे काय होणार हे माहीत असूनही.

'देवाला बागेतलं फूल हवं होतं' अशी वाक्यंही तुम्ही ऐकली असतील. ती बायबलमध्ये नाहीत. तिथे मरणाला 'शेवटचा शत्रू' म्हटलंय (१ करिंथ १५:२६). शत्रूने घाव घातल्यावर माणूस कळवळणारच. ख्रिस्ती आशा आहे ती हा शत्रू हरणार याची, आणि तिचा आधार येशूची रिकामी कबर आहे. आपलं मन किती घट्ट आहे यावर ती उभी नाही.

आता रोजचं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात भेटणारे कमी होतात आणि दुःख नेमकं तेव्हाच घरात एकटं सापडतं, म्हणून हा काळ जड जातोय यात नवल नाही. रोज झोपण्याआधी तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. सुरुवात 'कोठवर?' अशा तक्रारीने होते आणि शेवट गाण्यावर. शेवटपर्यंत पोहोचता आलं नाही तर पहिल्या दोन वचनांवर थांबा. प्रार्थना तिथेही होते. उपासनेला मागच्या बाकावर, कडेला बसा. आईचं आवडतं गीत लागलं आणि गळा दाटला तर गाऊ नका, बाकीचे गातील. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलंच राहिलं, किंवा जगावंसंच वाटेना, तर पाळकांसोबत डॉक्टरांनाही भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. असे विचार मनात असतील तर उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : वडील गेले. आम्ही ख्रिस्ती, पण वडिलांचे भाऊ-भावजया हिंदू आहेत. काका म्हणतात दहावा केलाच पाहिजे. भांडण नको आहे.
– हडपसर

उत्तर : दहाव्याला ख्रिस्ती विधी नाही, हे काकांना आधीच आणि आदराने सांगा, ऐन वेळी नको. मात्र त्या दिवशी एकत्र जमायला आडकाठी कसलीच नाही. बायबलमध्ये दिवसांचा एकच नियम नाही: याकोबासाठी योसेफाने सात दिवस शोक केला, मोशेसाठी इस्राएलांनी तीस. तेव्हा त्याच दिवशी सांत्वनाची प्रार्थना ठेवा म्हणजे गावाहून येणाऱ्यांची खेप वाचेल.

पाऊण तास पुरे. दोन गीतं, एक वाचन (१ करिंथ १५:५०-५८ हे जमतं), दोघांनी चार-चार मिनिटं आठवणी सांगायच्या, दहा मिनिटं संदेश, मग प्रार्थना आणि चहा. आठवणी सांगायला एका काकांना बसवा. भाऊ गेलाय तो त्यांचाही. बिघडतं ते दोन ठिकाणी: बोलणाऱ्याला वेळ सांगितलेली नसते, आणि संदेश पाहुण्यांना उद्देशून झाडला जातो. पाळकांना आधीच विनंती करा. फोटो आणि फुलं असू द्या, फोटोची पूजा नको, एवढी रेघ पुरते. मृतासाठी प्रार्थना करायची का, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरा वेगळ्या आहेत. आपल्या फादरना किंवा पाळकांना विचारा.

आणखी एक, न विचारलेलं. कबरस्तानाची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. मृत्यू घरी झाला असेल तर महापालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करा. पुढे विलंब शुल्क आणि परवानग्या मागे लागतात.

प्रश्न : भेटायला गेल्यावर बोलायचं काय?
– वानवडी

उत्तर : फारसं काही नाही. बायबलमधल्या दुःखी ईयोबाला भेटायला आलेले मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते. बोलायला लागले आणि बिघडलं. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कोणी सांगत नाही. 'मंगळवारी संध्याकाळचा डबा मी आणते' म्हणा, आणि आणा.

प्रश्न : कबरीवर दगड लगेच बसवावा का?
– कॅम्प

उत्तर : नको. खणलेली माती सैल असते, खाली पेटी कुजून पोकळी होते आणि पावसात वरचा भाग खचतो. घाईने बसवलेली फरशी कलते किंवा तडकते. एक पावसाळा पूर्ण जाऊ द्या. तोवर लाकडी क्रूस ठेवा आणि खचलेल्या जागी मातीची भर घाला. दगडासाठी कबरस्तान समितीची परवानगी घ्या, कबरीचा क्रमांक पावतीवर आहे का पाहा.

मजकुरात नाव, तारखा आणि 'प्रभूमध्ये निद्रिस्त' एवढं पुरे. सिमेटरी या शब्दाचं ग्रीक मूळही 'झोपण्याची जागा' असंच आहे. कारागीर हातात दिलेला कागद जसाच्या तसा कोरतो, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ आणि वचनाचा क्रमांक घरातल्या दोघांनी वेगवेगळे तपासा. अक्षरं खोल कोरायला सांगा. नुसत्या रंगाची अक्षरं उन्हापावसात टिकत नाहीत.