डॉक्टर असताना हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट कशाला लागतो?

वडील ऑपरेशनसाठी अ‍ॅडमिट होणार आहेत, हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ असं लिहिलंय, तर हा काउंटरवर औषधं देणाराच का, असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम करते. शिक्षण औषधशास्त्राचंच, पण बसणं-उठणं वॉर्डात. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं या रुग्णाला, या डोसमध्ये, आजच्या रिपोर्टवर चालतील का, हे बघायचं आणि नसतील चालत तर लगेच सांगायचं.

ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एक हिशेबच करून दाखवते. समजा ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजी आहेत. पायाच्या शिरेत गुठळी झाली म्हणून एनॉक्सापॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं लिहिली. नेहमीचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, म्हणजे ४५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. किडनीचं काम कळावं म्हणून रक्तात तपासतात ते क्रिएटिनिन १.१, बहुतेक लॅबच्या हिशेबाने नॉर्मल. आता क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून, आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेत किती? वय-वजन धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने मांडलं, तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम २९ मिलिलिटर येते. ३० च्या खाली हाच डोस दिवसातून एकदाच द्यायचा असतो. दोनदा देत राहिलं की औषध अंगात साठतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. रिपोर्टवर कुठेही लाल खूण नव्हती, लिहिलेला डोसही नेहमीचाच होता. अशा वेळी डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नसतो, राऊंडमध्ये त्यांच्या डोक्यात पन्नास गोष्टी असतात. माझ्या डोक्यात फक्त औषधं.

दुसरी धोक्याची वेळ म्हणजे अ‍ॅडमिट होतानाची, घरची औषधं चार्टवर उतरवून घेतात तेव्हाची. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. लिहिताना ‘आठवड्यातून’ गळलं की ते रोजचं होतं. मग तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, आणि यात माणसं दगावलेली आहेत. म्हणून मी नुसत्या जुन्या कागदावर विसंबत नाही. पाकिटं बघते आणि घरच्यांना विचारते की कोणत्या वारी देता. बाकी कामं किरकोळ वाटतात पण रोजची: नाकातल्या नळीतून द्यायला म्हणून सावकाश विरघळणारी गोळी कुटली जात नाही ना, एकच पॅरासिटामॉल दोन ब्रँडच्या नावांनी चालू नाही ना.

हे कॉम्प्युटर करत नाही का? करतो, पण जरा जास्तच करतो. क्षुल्लक गोष्टीलाही इशारा देतो, आणि दिवसभर तेच बघून माणूस न वाचता ‘ओके’ दाबायला लागतो. कोणता इशारा खरा, हे ठरवायला रुग्ण माहीत असावा लागतो.

पुरावा हवा असेल तर १९९९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला अमेरिकेतला अभ्यास बघा. आयसीयूच्या राऊंडला फार्मासिस्ट सोबत असायला लागला, तेव्हा औषध लिहिताना झालेल्या चुकांचे टाळता येण्याजोगे दुष्परिणाम दर १००० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस अ‍ॅडमिट, म्हणजे एक रुग्ण-दिवस) १०.४ वरून ३.५ वर आले. त्याने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. माझ्या मते यातला कळीचा भाग म्हणजे राऊंडला हजर असणं. औषध लिहून, देऊन झाल्यावर संध्याकाळी फाइल तपासणाऱ्या फार्मासिस्टचा उपयोग निम्माच. त्यामुळे नुसतं माहितीपत्रकावर जाऊ नका, तो वॉर्डात येतो का, ते विचारा.

वडिलांची सगळी औषधं पाकिटांसकट न्या. स्वतःहून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, डोळ्यांचे थेंब, वनस्पतींची औषधंही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनआधी कधी थांबवायची आणि नंतर कधी सुरू करायची, हे लिहून घ्या. डिस्चार्जच्या वेळी जुन्यातली कोणती बंद आणि नवीन कोणती कधीपर्यंत, हे एकेका औषधाचं विचारा. अ‍ॅडमिट असताना तात्पुरती सुरू केलेली अ‍ॅसिडिटीची गोळी कोणी बंद करायला सांगितली नाही म्हणून महिनोन्‌महिने चालू राहिलेली मी नेहमी बघते. तिच्यापुढे बंद करायची तारीख घालून घ्या.