कोल्हापुरात मुलासाठी स्केटबोर्ड घ्यायचाय. राजारामपुरीतला दुकानदार साडेचार हजार सांगतोय, मोठ्या साखळी दुकानात चौदाशेला मिळतोय. कुठून घेऊ?

राजारामपुरीतूनच घ्या. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं हा विषय निघाला की माझं डोकं तापतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या दाजींमुळंही तापतं.

दाजींनी भाच्याच्या वाढदिवसाला असाच चौदाशेचा बोर्ड आणला होता, हायवेकडच्या एका मोठ्या दुकानातून. फळीवर झगमगीत कवटी, बेअरिंगवर 'एबेक ७' असा अचूकपणाचा दर्जा छापलेला. पोरगं खूश. मी बोटानं चाक फिरवलं, तर खर्रर्र करून लगेच थांबलं. ट्रकवर, म्हणजे फळीखाली चाकांचा आस धरणाऱ्या भागावर, किल्ली ओढून बघितली. चंदेरी रंग निघाला आणि खाली काळं प्लास्टिक! म्हटलं, दाजी, बिल आहे तोवर परत करा. तर म्हणतात, "तुम्हा उद्यमनगरवाल्यांना खेळणं पण बिडाचंच लागतंय." बहिणीकडं बघून गप्प बसलो.

पुढं रंकाळ्यावर साध्या खड्ड्यात चाक आपटलं आणि पुढचा ट्रक बुडातून तुटला. पोराचा गुडघा फुटला. दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, सुटे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. आणि दाजींनी घेतला की हो! तिथूनच, तोच!

मग मी भाच्याला राजारामपुरीत नेलं. त्या माणसानं आधी विचारलं, चालवणार कुठं? रस्त्यावर म्हटल्यावर ५२ मिलिमीटरची ९९ए, म्हणजे एकदम कडक, चाकं बाजूला ठेवली. ती गुळगुळीत काँक्रीटवर चालतात, आपल्या रस्त्यावर दात वाजवतात आणि बारीक खड्यालाही अडतात. त्यानं ५८ची मऊ, ७८ए घातली. चाक मोठं म्हणून ट्रक आणि फळीच्या मधे रायझर, म्हणजे उंची वाढवणारा तुकडा टाकला, नाहीतर वळताना चाक फळीला घासून पोरगं तोंडावर पडतं. पोराला उभं करून पाऊल बघितलं आणि पावणेआठ इंच रुंद फळी दिली. वजन हलकं म्हणून किंगपिनचा, म्हणजे ट्रकमधल्या मुख्य बोल्टचा, नट जरा सैल केला. एवढं सगळं गिऱ्हाईक समोर उभं असताना, पाना हातात घेऊन. साखळी दुकानात पॅकिंग फोडायलाच मनाई.

पावसाळ्यात भाच्यानं बोर्ड भिजवला आणि बेअरिंगं जाम झाली. तेरा नंबरचा पाना लावून चाकं उतरवली, आठही बेअरिंगं बदलली. साधी ६०८ मापाची, विजेच्या लहान मोटारींत असतात तीच. उद्यमनगरात कुठल्याही बेअरिंगवाल्याकडं मिळतात. बोर्ड अजून पळतोय. दाजी मात्र आजही जेवताना "साडेचार हजाराची फळी" म्हणून टोमणा मारतात. त्यांचे अठ्ठावीसशे भंगारात गेले, तो हिशोब कोण धरणार?

आता तुमचे साडेचार हजार रास्त आहेत का, ते बोर्ड बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पेठेतलं दुकान म्हणजे सगळेच देवमाणूस असं समजू नका. तोच प्लास्टिकचा माल तीन हजाराला गळ्यात मारणारेही आहेत. फळीच्या कडेनं थर मोजा, सात दिसले पाहिजेत. लाकूड मेपलचं आहे का विचारा. ट्रक ॲल्युमिनियमचा हवा, पण लोहचुंबक लावत बसू नका, तो ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि प्लास्टिकलाही नाही. किल्लीनं ओरखडा काढू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. सुटे बुशिंग, म्हणजे किंगपिनवरच्या रबरासारख्या कड्या, ठेवतो का, तेही विचारा.

मुलगा चार-पाच वर्षांचा असेल आणि पार्किंगमध्ये नुसता बसून ढकलत फिरणार असेल, तर चौदाशेचा चालेल. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड मात्र त्या मोठ्या दुकानातूनच घ्या, मापाचे मिळतात आणि स्वस्तही पडतात. हे दाजींना सांगू नका.