विंडोज अपडेटनंतर लॅपटॉपवर नेट रांगतंय, फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सहा दिवसांपूर्वी तुमचा लॅपटॉप विंडोज १० वरून ११ वर गेला. घरी, पुण्यात कर्वेनगरला, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. हॉलमध्ये सोफ्यावर बसून अँड्रॉइड मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की ९० च्या आसपास येतं. त्याच सोफ्यावर, त्याच वाय-फायवर लॅपटॉपला ४-५. नेटवाला आला, मोबाइलवर स्पीड दाखवला आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणून गेला. लॅपटॉपच्या दुकानात सांगितलं की फॉरमॅट मारावा लागेल. सोमवारी सकाळी ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे.

फॉरमॅट अजिबात मारू नका. कारण ऐका. मोठं अपडेट झाल्यावर जुनं विंडोज लगेच पुसलं जात नाही. सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ते १० दिवस राहतं, आणि तेवढ्या मुदतीत एका बटणावर मागे जाता येतं. तुमचे सहा दिवस गेलेत, चार उरलेत. फॉरमॅट मारलात की हा मार्ग संपला. शिवाय दुकानदार पुन्हा विंडोज ११ च टाकणार, ते वाय-फायचा तोच ड्रायव्हर (लॅपटॉपमधलं वाय-फाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) स्वतःहून घेणार, आणि पैसे देऊन तुम्ही परत ४-५ वरच येऊन बसाल. जागा भरली म्हणून डिस्क क्लीनअप करायचा मोह झाला, तरी ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करू नका. त्यात हेच फोल्डर जातं.

मी चौदा वर्षं एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते आहे. ‘अपडेटनंतर नेट स्लो’ ही तक्रार विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्या सुमाराला जितकी ऐकली, तितकी आधी कधीच नव्हती. सगळे एकदम ११ वर गेले आणि त्यात पाच-सहा वर्षांचे लॅपटॉपही गेले. पण अपडेट हे एकच कारण नसतं. अपडेटनं वाय-फाय कार्डाचं काहीतरी बिघडवलंय की विंडोजच्या आत काहीतरी नेट खातंय, हे आधी वेगळं करावं लागतं. लोक हे न करताच दहा गोष्टी बदलतात, आणि मग कशानं बरं झालं किंवा कशानं आणखी बिघडलं हे त्यांनाच कळत नाही. तुमच्याबाबतीत नेटवाल्याचा संशय मोबाइलच्या ९० नं आधीच फिटलेला आहे, तेव्हा त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका.

आता एक चाचणी करा. पाच मिनिटांची आहे. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा (केबल डेटावाली हवी, काही स्वस्त केबल नुसत्याच चार्ज करतात). मोबाइल घरच्या वाय-फायवरच राहू द्या, मोबाइल डेटा बंद करा. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट-टेदरिंगच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. आता लॅपटॉपला नेट मिळतंय ते मोबाइलमार्फत, लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड मधून पूर्ण बाहेर. स्पीड टेस्ट करा. ७०-८० आलं तर दोष वाय-फाय कार्डाचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. इथेही ४-५ च आलं तर ड्रायव्हरला हात लावू नका, दोष विंडोजच्या आत कुठेतरी आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

माझा अंदाज आहे की ७०-८० येईल. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला हेच झालं होतं, म्हणून नीट सांगते. आमचाही फ्लॅट तुमच्याच बाजूला, दाट सोसायट्यांमध्ये. वाय-फायची यादी उघडली की तीसेक नावं दिसतात. अपडेटनंतर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वाय-फाय, त्यात आपल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज, असं गेले. हे पान सहसा कोणी बघत नाही आणि खरं निदान तिथेच लिहिलेलं असतं. तीन ओळी होत्या. प्रोटोकॉल: वाय-फाय ४. नेटवर्क बँड: २.४ गिगाहर्ट्झ. लिंक स्पीड: ७२/७२. राउटर तोच, टेबलही तेच, आणि अपडेटच्या आधी मी स्वतः तिथे ८६६ बघितलेलं होतं. वाय-फायचे मुख्य बँड दोन, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण कमी पल्ल्याचा, २.४ लांब पोचणारा पण हळू. म्हणजे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ वर येऊन बसला होता.

७२ म्हणजे १०० च्या प्लॅनला थोडंच कमी, असं वाटेल, पण तसं नाही. लिंक स्पीड हा राउटर आणि लॅपटॉप यांच्यातला कागदावरचा वेग. प्रत्यक्षात हाती त्याच्या निम्मं-पाऊण येतं, तेही हवा मोकळी असेल तर. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तीस राउटर त्या तीन चॅनलांत दाटीवाटीनं बोलतात. भर म्हणून ब्लूटूथही तिथेच. मीटिंगला ब्लूटूथ हेडफोन लावला की माझं नेट आणखी ढेपाळायचं, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. ४-५ एमबीपीएस असेच उरतात.

तुम्हीही तेच पान उघडा आणि त्या तीन ओळींचा फोटो काढून ठेवा. दुरुस्तीनंतर ताडून बघायला तोच पुरावा.

आता ड्रायव्हर. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात ज्याच्या नावात वाय-फाय किंवा वायरलेस असेल त्यावर डबल क्लिक, ड्रायव्हरचा टॅब. तिथली तारीख आणि व्हर्जन लिहून घ्या. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू दिसलं तर तेच दाबा आणि लॅपटॉप रिस्टार्ट करा. माझ्याकडे ते फिकट होतं, दाबलं जात नव्हतं. बहुतेक लोक इथे हात टेकतात. तसं करू नका. त्याच टॅबवर ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबा, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ निवडा, मग खाली ‘लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट’. लॅपटॉपमध्ये आधीपासून पडून असलेले ड्रायव्हर तिथे यादीत दिसतात. माझ्या यादीत एकाच नावाच्या दोन ओळी होत्या, व्हर्जन वेगवेगळं. चालू नसलेलं, जुनं निवडलं, नेक्स्ट केलं. वाय-फाय क्षणभर गेलं आणि परत आलं. प्रॉपर्टीजचं पान पुन्हा उघडलं तेव्हा बँड ५ गिगाहर्ट्झ, लिंक स्पीड ८६६. स्पीड टेस्टला प्लॅनइतकं आलं. तेवढ्यासाठी दोन दिवस मी राउटर बंद-चालू करत बसले होते.

यादीत एकच ओळ असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर जा, लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरचा मॉडेल किंवा सिरियल नंबर टाका आणि वाय-फायचा ड्रायव्हर तिथूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. त्यांच्यामुळे बिघडलेले लॅपटॉप मी इतके बघितलेत की हे कळकळीनं सांगते. आणि ड्रायव्हर बदलून बरं झालं, तर विंडोज अपडेटच्या पानावर ‘पॉझ’ करून इंटरव्ह्यूपर्यंत अपडेट थांबवा, नाहीतर तोच नवा ड्रायव्हर मागच्या दारानं परत येऊ शकतो.

ड्रायव्हरच्या शेजारी ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब असतो. त्यात ‘प्रिफर्ड बँड’ दिसलं तर ५ गिगाहर्ट्झला पसंती द्या. हे सगळ्यांना लागू नाही. माझी आत्या सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहते, भिंती हातभर जाड. राउटर बाहेरच्या खोलीत आणि ती बसते माजघरात. तिथे ५ गिगाहर्ट्झ पोचतच नाही, तिच्यासाठी २.४ च बरं. तुम्ही राउटरच्या समोर हॉलमध्ये बसता, तुम्हाला ५ च हवं. ‘पॉवर मॅनेजमेंट’चा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक काढून टाका. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा राउटर छोट्या यूपीएसवर चालतो आणि लॅपटॉप बॅटरीवर. त्या वेळी ही टिक असली-नसली तर फरक जाणवतो.

आता दुसरी शक्यता, यूएसबी टेदरिंगवरही ४-५ च आलं तर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक करून क्रम लावा. मोठ्या अपडेटनंतर दोन-तीन दिवस वनड्राइव्ह फाइली नव्यानं ताडून बघत असतं, स्टोअरमधली ॲप्स अपडेट होत असतात. त्यावर उपाय एकच, रात्रभर चार्जिंगला लावून चालू ठेवा. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे, त्यात इतर उपकरणांकडून डाउनलोड घ्यायचं बटण बंद करा. ते चालू असलं तर तुमचा लॅपटॉप अपडेटचे तुकडे दुसऱ्यांना पाठवतही असू शकतो. व्हीपीएन असेल तर बंद करून टेस्ट करा. विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याची ११ ला चालणारी नवी आवृत्ती टाका.

‘नेटवर्क रीसेट’ सगळ्यात शेवटी. त्यानं सगळे वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या जोडण्या पुसल्या जातात, तेव्हा पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर दहावा दिवस उलटायच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. आपल्या फाइली जागेवर राहतात, पण अपडेटनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात, म्हणून महत्त्वाचं सगळं आधी पेनड्राइव्हवर घ्या. १० ला आता नेहमीचा सपोर्ट नाही. तिथे कायमचं राहायचं नाही, ड्रायव्हर सापडेपर्यंतचा मुक्काम समजा.

आणि सोमवारचं म्हणाल तर इंटरव्ह्यू वाय-फायच्या भरवशावर देऊच नका, दुरुस्त झालं तरी. लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे नेटची केबल लावायचं, पोर्ट असेल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पाच मीटरची तयार केबल आणा आणि थेट राउटरला लावा. पोर्ट नसेल तर तीच यूएसबी टेदरिंगची जोडणी वापरा, ती आता तुम्ही करून बघितलेलीच असेल. हेडफोन वायरचा लावा. रविवारी संध्याकाळी कोणाला तरी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल करून बघा, संध्याकाळीच, कारण सगळी सोसायटी तेव्हा नेटवर असते. तेव्हा अडखळलं नाही तर सकाळी अडायचं कारण नाही. तीन ओळींचा फोटो काढलात की त्यातले आकडे मला कळवा, मी बघून सांगते.