पहिले महागडे घड्याळ : किंमत नेमकी कशाने टिकते?

प्रश्न : मी चौतीस वर्षांचा असून पुण्यात एका कंपनीत अभियंता आहे. साठवलेल्या पैशांतून सहा लाखांपर्यंतचे एक चांगले स्विस घड्याळ घ्यावे, असे बरेच दिवस मनात आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, एवढ्या पैशांचे सोने घ्यावे, ते अडीअडचणीला मोडता तरी येते; ऑफिसमधले मित्र सांगतात की, रोलेक्स घेतले तर तीसुद्धा गुंतवणूकच आहे. मला घड्याळ रोज वापरायचे आहे. दहा वर्षांनी विकावे लागले तर पैसे बुडू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. कोणते घ्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पैसे बुडू नयेत असे आपण लिहिले आहे, पैसे वाढावेत असे लिहिलेले नाही, आणि ही मर्यादा शेवटपर्यंत पाळली तर निवड बरीच सोपी होते. सहा लाख रुपये वर्षाला ७ टक्के चक्रवाढीने दहा वर्षे ठेवले, तर त्यांचे जवळजवळ ११ लाख ८० हजार होतात. घड्याळ दहा वर्षांनी घेतल्या किमतीलाच विकले गेले, तर बाजारात त्याची किंमत टिकली असे म्हणतात. परंतु मधल्या काळातली महागाई आणि एकदा तरी करावी लागणारी सर्व्हिसिंग धरली, तर त्या घड्याळाच्या वापराचा मोबदला आपण दिलेलाच असतो. मला तो मोबदला रास्त वाटतो, कारण उत्तम रीतीने बनवलेली वस्तू रोज हाताळण्यातला आनंद खरा असतो. फक्त घरच्यांना ही गुंतवणूक आहे असे सांगून ती घेऊ नये. सोन्याबद्दल त्यांचे म्हणणे अगदी योग्य आहे. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो आणि तालुक्याच्या गावातला सराफही ते विकत घेतो. घड्याळाला मात्र गिऱ्हाईक शोधावे लागते आणि मध्ये दुकानदार असेल तर त्याचा नफा आपल्याच रकमेतून जातो.

भारतात नव्या स्विस घड्याळाच्या किमतीत सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. आपण ते घड्याळ पुढे विकतो तेव्हा हा कर कोणी परत देत नाही. त्यामुळे बहुतेक घड्याळे, अगदी नामांकित कंपन्यांची आणि अप्रतिम कारागिरीची असली तरी, दुकानाबाहेर पडल्यावर किमतीचा मोठा भाग गमावतात. ग्रँड सेको या जपानी कंपनीचे उदाहरण मला नेहमी हळहळ लावते : तबकडी आणि काट्यांवरचे तिचे काम पाहण्यासारखे असते, पण आपल्याकडे वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात त्या नावाला ओळख कमी असल्याने विकणाऱ्याला मनासारखा भाव मिळत नाही. सोन्याच्या घड्याळांबाबतही असाच गैरसमज आहे. त्यांची किंमत त्यांतल्या सोन्यापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि परत विकताना तो वरचा भाग पहिल्यांदा घसरतो. बाहेरून हिरे बसवून घेतलेल्या घड्याळापासून तर दूरच राहावे. मूळ रूप बिघडल्यामुळे जाणकार खरेदीदार त्याला हात लावत नाहीत.

रोलेक्सचे नाव या चर्चेत सतत येते, त्यामागे केवळ जाहिरात नाही. या कंपनीचे डेटजस्ट १९४५ सालचे आणि सबमरीनर १९५३ सालचे. दोन्हींचे मूळ रूप इतके सावकाश बदलत आले आहे की, पंधरा वर्षांपूर्वीचे घड्याळ आजही जुनाट दिसत नाही. सुटे भाग आणि दुरुस्ती दीर्घकाळ मिळते, स्टीलच्या लोकप्रिय मॉडेलांचा पुरवठा मागणीपेक्षा कमी असतो आणि कंपनी छापील किमती वेळोवेळी वाढवत असल्याने वापरलेल्या घड्याळांचे भावही त्यांच्या आधाराने वर राहतात. २०२२ च्या अखेरीस कंपनीने युरोपातील काही दुकानांतून स्वतः प्रमाणित केलेली वापरलेली घड्याळे विकण्यास आरंभ केला, त्यामुळे जुन्या घड्याळांवरचा विश्वास आणखी वाढला. यात आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. स्विस फ्रँक रुपयाच्या तुलनेत गेल्या दशकात बराच महाग झाला. म्हणजे कोणाचे जुने घड्याळ रुपयांत वाढलेल्या भावाने विकले गेले असेल, तर त्या वाढीतला काही भाग हा रुपयाच्या घसरणीचा आहे.

आता २०२० ते २०२२ या काळाकडे वळतो, कारण आपल्या मित्रांचा उत्साह बहुधा तिथून आलेला आहे. टाळेबंदीत लोकांकडे पैसा साठला, कारखाने काही काळ बंद राहिले आणि ठरावीक घड्याळांचे भाव भडकले. पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या स्टीलच्या नॉटिलस घड्याळाचे ५७११ हे मॉडेल २०२१ मध्ये बंद होणार असे कळताच त्याचे भाव छापील किमतीच्या कित्येक पटींवर गेले. २०२२ च्या वसंतानंतर हा बाजार खाली येऊ लागला. छापील किमतीला घड्याळ मिळालेल्यांचे त्यात फारसे बिघडले नाही. चढ्या भावाने, भाव आणखी वाढेल या आशेने घेतलेल्यांचे पैसे मात्र खरोखर बुडाले. मॉडेल तेच, कंपनी तीच, फरक केवळ घेतल्या किमतीचा होता. म्हणून माझा आपल्याला सर्वांत आग्रहाचा सल्ला हा की, छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊन पहिले घड्याळ घेऊ नये. हव्या त्या घड्याळासाठी आधी दुसरे एखादे नको असलेले घड्याळ किंवा दागिना घ्या, असे कोणी सुचवले, तर ती रक्कमही त्याच घड्याळाच्या किमतीत मिळवून हिशेब करावा. बहुतेक वेळा तो हिशेब परवडत नाही.

लिलावातल्या विक्रमांवरूनही काही ठरवू नये. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले, ते त्या मनगटामुळे. तशा दुसऱ्या डेटोनाला तो भाव येत नाही.

आपल्या रकमेत मी पहिली पसंती रोलेक्सच्या ऑयस्टर पर्पेच्युअल मालिकेतील ३६ मिलिमीटरच्या साध्या स्टीलच्या घड्याळाला देईन. त्यात तारीख नाही, बिघडण्यासारखे जादा यंत्र नाही आणि ते शर्टाच्या बाहीखाली सहज मावते. किंमत आपल्या मर्यादेच्या आसपास येते. परंतु अधिकृत विक्रेत्याकडे नाव नोंदवून थांबावे लागेल, आणि त्याची तयारी ठेवावी. थांबायचे नसेल तर रोलेक्सचीच भगिनी कंपनी असलेल्या टुडरचे ब्लॅक बे ५८ पाहावे. २०१८ साली आलेले हे ३९ मिलिमीटरचे घड्याळ दणकट आहे. ते नवे घेण्यापेक्षा दोन-तीन वर्षे वापरलेले, मूळ कागदपत्रांसह घेतले, तर किमतीतली पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. ओमेगाचे स्पीडमास्टर १९५७ पासून आहे आणि १९६९ मध्ये ते चंद्रावर गेले. त्याचा इतिहास मला अतिशय प्रिय आहे. मात्र त्याला हाताने चावी द्यावी लागते आणि त्यात क्रोनोग्राफ (वेळ मोजण्याचे स्टॉपवॉच) असल्याने सर्व्हिसिंगचा खर्च साध्या घड्याळापेक्षा जास्त येतो. रोज वापरायच्या पहिल्या घड्याळासाठी मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन, आणि तेही वापरलेलेच घ्यावे. आपल्याला चौकोनी, नाजूक घड्याळ आवडत असेल तर कार्तिएचे टँक आहे. ते १९१७ सालच्या आराखड्याचे असून त्याचे चाहते कायम असतात. दुकानात जाऊन सगळी मनगटावर घालून पाहावीत. जे घालावेसे वाटत नाही ते दोन वर्षांत घाईने विकले जाते, आणि घाईच्या विक्रीत भाव पडतो.

खोके, वॉरंटी कार्ड, बिल, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, असे सगळे एका पिशवीत जपून ठेवावे. कार्डावरचा क्रमांक आणि घड्याळावरचा क्रमांक घेतानाच जुळवून पाहावा. सर्व्हिसिंगच्या वेळी पॉलिश करू नये, असे लेखी कळवावे. पॉलिशने ओरखडे जातात, परंतु त्यांच्याबरोबर केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, धारदार कडाही झिजतात, आणि त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. रोजच्या वापराचे बारीक ओरखडे असलेले, पण कडा शाबूत असलेले घड्याळ जाणकाराला अधिक आवडते.

प्रश्न : मुंबईच्या चोरबाजारात आणि ऑनलाइन जुनी फावर-ल्यूबा व एचएमटीची घड्याळे अगदी नव्यासारख्या रंगीत तबकड्यांसह मिळतात. महाग स्विस घड्याळाऐवजी अशी चार-पाच घेऊन ठेवली तर त्यांची किंमत वाढेल का? माझ्या वडिलांचेही एक जुने फावर-ल्यूबा घरात आहे.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : अशी रंगीत घड्याळे किंमत टिकवण्याच्या हेतूने घेऊ नयेत. जगभरच्या संग्राहकांमध्ये त्यांना "मुंबई स्पेशल" म्हणतात, आणि आपल्या शहराचे नाव अशा कारणाने घेतले जावे याचे मला मनापासून वाईट वाटते. जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी, दुसऱ्याच घड्याळाचे काटे आणि तिसऱ्याची केस, असा तो जोडकारभार असतो. लाल, निळ्या, नारिंगी अशा भडक रंगांची तबकडी, अक्षरांच्या कडा फाकलेल्या, मिनिटांच्या रेषा काट्यांच्या टोकांशी न जुळणाऱ्या, असे दिसले की समजून घ्यावे. शोभेसाठी हजार-दोन हजारांत घेण्यास हरकत नाही. परंतु पुढे विकताना त्यांना मूळ घड्याळाचा भाव येणार नाही.

एचएमटीची गोष्ट थोडी वेगळी आहे. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या या कारखान्याने देशातल्या कितीतरी घरांना पहिले मनगटी घड्याळ दिले, आणि २०१६ मध्ये सरकारने तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर अस्सल, न बदललेल्या एचएमटीची मागणी वाढली. तरीही या रकमा लहान आहेत.

आपल्या वडिलांचे घड्याळ मात्र जपावे. फावर-ल्यूबा ही १७३७ सालची स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली होती आणि तिची सी चीफ, सी किंग ही मॉडेले महाराष्ट्रातही पुष्कळ विकली गेली. तबकडी पिवळी पडली असेल तर पडू द्यावी. चांगल्या घड्याळजीकडून फक्त यंत्र साफ करून तेल घालून घ्यावे आणि तबकडी रंगवू नका, काटे बदलू नका असे आवर्जून सांगावे. हौशी माणूस मूळ तबकडीसाठीच पैसे मोजतो, मग ती डागाळलेली का असेना.

प्रश्न : माझा भाऊ दुबईत नोकरी करतो. तिथे घड्याळे स्वस्त पडतात असे तो म्हणतो. तो सुट्टीवर येताना हातात घालून घेऊन आला तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हातात घातलेले असले तरी नवे घड्याळ हे सामानच असते. प्रवाशाला मिळणारी शुल्कमुक्त सवलत काही लाखांच्या घड्याळापुढे फार अपुरी आहे. त्यावरच्या किमतीवर सीमाशुल्क लागते. विमानतळावर लाल मार्गाने जाऊन ते जाहीर केले आणि शुल्क भरले, तर पावती मिळते. जाहीर न करता आणलेले सापडले तर घड्याळ जप्त होऊन दंडही होऊ शकतो. शुल्क भरल्यानंतर दुबईचा फायदा बहुधा फारसा उरत नाही, ही बेरीज भावाने खरेदीपूर्वीच करावी. शिवाय आपला मूळ हेतू किंमत टिकवण्याचा असेल, तर शुल्काची पावती नसलेले घड्याळ उद्या येथील प्रतिष्ठित दुकान घेण्यास नकार देईल आणि आपल्याला कमी भावात खाजगी गिऱ्हाईक शोधावे लागेल.

भारत आणि एफ्टा (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट) यांच्यातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. घाई नसेल त्याने थांबण्यात शहाणपण आहे. येथेच घेतलेले महाग घड्याळ घालून परदेशी जाताना सीमाशुल्क कार्यालयाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना वाद होत नाही.

खाजगी व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. पैसे बँकेतूनच द्यावेत. तीच नोंद पुढे मालकीचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

प्रश्न : महाग घड्याळ लॉकरमध्ये ठेवून फक्त लग्नकार्यात वापरले तर ते जास्त टिकेल ना?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : यांत्रिक घड्याळ वर्षानुवर्षे बंद राहिले तर आतले तेल घट्ट होऊ लागते. त्यापेक्षा अधूनमधून वापरणे बरे. कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याचा पट्टा घालू नये, त्याला बुरशी येते. स्टीलचा किंवा रबराचा घालावा. पाण्यापासून रक्षण करणारी रबरी कडी कालांतराने कडक होतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्यावी. ३० मीटर असे लिहिलेले घड्याळ पोहण्यासाठी नसते. लॉकरबाबत एक नियम ठाऊक असावा : चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच असते. भाडे तीन हजार असेल तर भरपाईची मर्यादा तीन लाख होते, आणि त्याच लॉकरात दागिनेही असतात. घड्याळ त्याहून महाग असेल तर घरातील मौल्यवान वस्तूंच्या विम्यात त्याची क्रमांकासह स्वतंत्र नोंद करून घ्यावी, आणि बिलाची एक प्रत लॉकरबाहेर ठेवावी.